खाण्यापिण्याचं इंग्रजी शिकवताना पहिले शब्द कोणते घ्यावेत?

केतकी_
आमच्या मोठ्या जाऊबाईंनी इंग्रजी शिकायला घेतलंय. अक्षरं येतात, सावकाश वाचताही येतं, बोलायची वेळ आली की गाडी अडते. सुरुवात खाण्यापिण्यापासून करू असं त्यांनीच ठरवलं, कारण तो विषय रोज कितीतरी वेळा निघतोच. मी चित्रांचा तक्ता आणून दिला, फळं, भाज्या, धान्यं, सगळं रंगीत. त्यांनी मनापासून पाठ केला. आता चित्रावर बोट ठेवलं की ग्रेप्स, पाइनअ‍ॅपल, कॅबेज, कॉलिफ्लॉवर धडाधड सांगतात. पण "मला अजून थोडा भात हवाय" किंवा "नको, पोट भरलं" हे इंग्रजीत म्हणा म्हटलं की गप्प.
माझं मत असं होत चाललंय की तक्ता ही सुरुवातच नव्हे. आधी चार-पाच क्रियापदं आणि मागायची-नाकारायची वाक्यं हवीत, फळं-भाज्या मागून येतील. पण बाजारात मिळणारं प्रत्येक पुस्तक तक्त्यानेच सुरू होतं, तेव्हा त्यामागेही काही विचार असेल. ज्यांनी मोठ्या माणसांना शिकवलंय किंवा जे स्वतः मोठेपणी शिकलेत त्यांनी सांगा ना, पहिले शब्द कोणते घ्यावेत?

टिंबटिंब
जाऊबाईंना आधी शाब्बासकी सांगा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्या बाबांनाही शिकायचंय.

जुनापाटा
केतकीताई, तुमच्या मताला पूर्ण अनुमोदन. मी बरीच वर्षं मोठ्यांच्या वर्गाला शिकवलं, तिथे पहिला शब्द फळाचा कधीच घेतला नाही. पहिला शब्द हॅव. या एका क्रियापदावर अख्खं जेवण पार पडतं. आय हॅव ब्रेकफास्ट अ‍ॅट एट, वुई हॅड राइस, कॅन आय हॅव सम वॉटर. आपण नाश्ता करतो, दूध पितो, औषध घेतो, इंग्रजीत पहिल्या दोन्हींना हॅव चालतं आणि औषधाला टेक लागतं. ईट मेडिसिन कोणी म्हणत नाही. सूपचंही तसंच, आपण सूप पितो, ते लोक वाटी-चमच्याने घेतलं तर ईट म्हणतात, आणि गोंधळ नको असेल तर हॅव सूप म्हणावं, कुठेच अडत नाही.
दुसरं म्हणजे भूक. मराठीत "मला भूक लागली", म्हणजे भूक येऊन मला लागते. त्यामुळे शिकणारा मी हंग्री, टू मी हंग्री असं काहीतरी जुळवत बसतो. आय अ‍ॅम हंग्री, आय अ‍ॅम थर्स्टी, आय अ‍ॅम फुल ही तीन वाक्यं अ‍ॅमसकट तोंडात बसवा, व्याकरण समजावू नका.
तिसरं, जेवणाच्या नावाआधी अ किंवा द लावायची सवय पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका. आय हॅड लंच, बस. विशेषण आलं की मात्र अ येतो, अ बिग लंच, अ लेट ब्रेकफास्ट. आणि जेवणात काय होतं हे सांगायला फॉर. व्हॉट डिड यू हॅव फॉर लंच? एग्ज अँड ब्रेड. हे दोन जणांत रोज विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं.

रानवारा
मी थोडा असहमत. नाम माहीत असेल तर माणूस उपाशी राहत नाही. नुसतं "राइस, प्लीज" म्हटलं तरी समोरचा भात आणून देतो. उलट कॅन आय हॅव पाठ आहे आणि भाताला काय म्हणतात तेच माहीत नाही, तर वाक्य अर्ध्यावर लटकणार. मी कामासाठी परक्या ठिकाणी राहिलो तेव्हा पहिले कित्येक दिवस फक्त नामांवर जगलो, आणि लोक समजून घेतात. मोडकं बोलणाऱ्याला कोणी हाकलत नाही. तक्त्याला इतकं हिणवू नका.

केतकी_
रानवारा, हिणवत नाहीये हो. तुमचं म्हणणं पटतं, पण तक्त्यात राइस आणि ड्रॅगनफ्रूट एकाच मापाने येतात ना, तिथे माझं दुखणं आहे. कुठला शब्द आज लागणार आणि कुठला पुढच्या वर्षी, हे तक्ता सांगत नाही.

शब्दखूण
यावर अभ्यास झालेले आहेत म्हणून लिहितो. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये दाखवलं की एकाच गटातले नवे शब्द, म्हणजे सगळी फळं किंवा सगळे कपडे, एकत्र शिकले तर ते एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ खातात. शब्द एकमेकांत मिसळतात. रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी भाषिकांवर तसाच प्रयोग केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा आला. पॉल नेशन यांनीही नंतर या धोक्याबद्दल लिहिलंय. लेमन आणि लाइम एकाच दिवशी शिकवा आणि आठवड्याने विचारा, कुठला हिरवा ते सांगता येत नाही. फोर्क, नाइफ, स्पूनचंही हेच होतं.
गंमत पुढे आहे. टिंकम यांनी १९९७ मध्ये दुसऱ्या प्रकारचे गट तपासले, एका प्रसंगात एकत्र येणारे शब्द. बेडूक, तळं, हिरवा, उडी मारणे असे. हे मात्र सोपे गेले. म्हणजे अ‍ॅपल, मँगो, बनाना, ग्रेप्स असा गट करण्यापेक्षा ब्रेड, नाइफ, कट, बटर, स्प्रेड, स्लाइस असा गट करावा. यात नाम आहे, क्रियापद आहे, भांडं आहे, आणि हे सगळं एका ताटलीवर घडतं. रानवारा आणि जुनापाटा दोघांचंही यात साधतं.

अबोली
शब्दखूण, वाचनखूण साठवली. पण एक लक्षात घ्या, त्या प्रयोगांत बनवलेले, कुठल्याच भाषेत नसलेले शब्द पाठ करायला दिले होते, आणि मोजलं होतं ते पहिल्या ओळखीच्या वेळचं. एकदा शब्द ओळखीचे झाले की गट करून उजळणी करायला काहीच हरकत नाही, उलट बरं पडतं. जाऊबाईंचा तक्ता फेकू नका. भिंतीवर राहू दे, उजळणीला.

मुक्काम_पोस्ट
माझा मुद्दा वेगळाच. कुठलं इंग्रजी शिकवणार ते आधी ठरवा. खाण्याच्या शब्दांत ब्रिटिश आणि अमेरिकन जितके भांडतात तितके दुसरीकडे क्वचितच. ब्रिटनमध्ये चिप्स म्हणजे बटाट्याचे गरम तळलेले जाड तुकडे आणि पिशवीतले कुरकुरीत काप म्हणजे क्रिस्प्स. अमेरिकेत तेच कुरकुरीत काप म्हणजे चिप्स आणि गरम तुकडे म्हणजे फ्राइज. ब्रिटिशांचं बिस्किट अमेरिकेत कुकी, आणि अमेरिकन बिस्किट मागवलं तर मऊ पावासारखं काहीतरी येतं. ब्रिटिश जेली थुलथुलीत गोड पदार्थ, अमेरिकन जेली ब्रेडला लावायची. वांग्याला ऑबर्जीन आणि एगप्लांट, कोथिंबिरीला कोरिअँडर आणि सिलँट्रो. आपण म्हणतो ते ब्रिंजल दोन्हीकडे फारसं चालत नाही, लेडीज फिंगरही नाही, भेंडीला ओक्रा शिकवा.
आणि मेनूवर आँत्रे दिसलं तर जपून. फ्रेंचमध्ये तो सुरुवातीचा पदार्थ, ऑस्ट्रेलियातही तसाच, अमेरिकेत मात्र मुख्य जेवण.

कावळोबा
म्हणजे बटाट्याची एकच पिशवी, तिच्यासाठी दोन देश भांडणार, आणि भांडण मिटेपर्यंत मी ती संपवणार :)

टिंबटिंब
कावळोबा :) :)
अवांतर: डिनर म्हणजे रात्रीचं जेवण ना? एका ठिकाणी स्कूल डिनर वाचलं आणि शाळा तर दुपारी सुटते.

जुनापाटा
टिंबटिंब, डिनर म्हणजे मुळात दिवसातलं मुख्य जेवण, वेळ कुठलीही असो. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला आणि तिथे त्याचं मूळ उपास मोडण्याशीच जाऊन भिडतं, म्हणजे ब्रेकफास्ट आणि डिनर दोघं एकाच कल्पनेतून निघालेले. पूर्वी मुख्य जेवण दुपारी व्हायचं, पुढे ते सरकत सरकत संध्याकाळी गेलं आणि नावही सोबत गेलं. उत्तर इंग्लंडमध्ये आजही बऱ्याच घरी दुपारचं ते डिनर आणि संध्याकाळचं ते टी. स्कूल डिनर तिथूनच आलेलं. सपर म्हणजे रात्रीचं हलकं खाणं. ब्रंच त्यामानाने तरुण, ब्रेकफास्ट आणि लंच जोडून १८९० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झालेला शब्द.
नवशिक्याला यातलं काही सांगू नका. ब्रेकफास्ट, लंच, डिनर, स्नॅक. चार पुरेत. कोणी टीला बोलावलं आणि जेवण वाढलं तर ते आनंदाने जेवावं.

शब्दखूण
अवांतरात भर. जिवंत जनावर काऊ, पिग, शीप आणि ताटात आलं की बीफ, पोर्क, मटन, हे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या काळाचं देणं. ताटातले शब्द फ्रेंचमधून आले, गोठ्यातले जुन्या इंग्रजीचेच राहिले. चिकन आणि फिश मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून तिथे अ ला फार महत्त्व. आय हॅड चिकन म्हणजे कोंबडीचं मांस खाल्लं, आय हॅड अ चिकन म्हणजे माझ्याकडे एक कोंबडी होती, किंवा अख्खी कोंबडी फस्त केली.

कावळोबा
पाहुण्यांसमोर हा अ चुकला तर पुढच्या वेळी यजमान दोन कोंबड्या आणून ठेवतील.

अबोली
या अ वरून मोजायचे आणि न मोजायचे शब्द आठवले, ते राहूनच गेलेत. राइस, ब्रेड, बटर, मिल्क, शुगर, सॉल्ट, मीट यांना अनेकवचन लागत नाही आणि आधी वन, टू येत नाही. टू ब्रेड्स म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. म्हणून मी शब्द शिकवतानाच त्याचं भांडं जोडून शिकवते. अ स्लाइस ऑफ ब्रेड, अ लोफ ऑफ ब्रेड, अ ग्लास ऑफ मिल्क, अ बोल ऑफ राइस, अ पिंच ऑफ सॉल्ट. समोर खरा ब्रेड ठेवायचा, अख्खा दाखवून लोफ म्हणायचं, सुरीने कापायचा, कापलेला तुकडा उचलून स्लाइस. खाली पडलेला चुरा बोटाने टिपायचा, क्रम्ब्ज. हे हाताने झालं की विसरत नाही, आणि मोजायचं-न मोजायचं हा नियम सांगावाच लागत नाही. हॉटेलात मात्र टू कॉफीज चालतं, तिथे कप अध्याहृत असतो.

जुनापाटा
अबोलीताई, सुंदर. यावरून एक जुनी यादी आठवली. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांचं बेसिक इंग्लिश मांडलं, एवढ्यात रोजचं सगळं बोलता यावं अशी कल्पना. त्यात खाण्याचे शब्द बघा: फूड, मील, ब्रेड, बटर, चीज, एग, मिल्क, मीट, फिश, राइस, सॉल्ट, शुगर, सूप, केक, फ्रूट, आणि अ‍ॅपल, ऑरेंज, पोटॅटो, नट, बेरी. पण त्याच यादीत कप, प्लेट, स्पून, फोर्क, नाइफ, पॉट, केटल, ओव्हन, ट्रे, बॉटल, बास्केट. म्हणजे भांडीकुंडी पदार्थांच्या पंगतीलाच बसवली. आणि त्या ८५० मध्ये ईट हे क्रियापदच नाही! क्रियांचे शब्द अठराच, हॅव, टेक, गेट, गिव्ह, पुट असे, त्यांच्यावर सगळं भागवायचं. मी एवढं टोक गाठायला सांगणार नाही, ईट शिकवलंच पाहिजे. पण निवड कशी करावी याचा तो मोठा धडा आहे. एवढ्या काटकसरीच्या यादीत ताट आणि चमच्याला जागा मिळाली, कोबीला मिळाली नाही.

रानवारा
ही यादी आवडली. पण बघा, त्यातही नामंच जास्त आहेत :)

आईची_लेक
सगळे मागायचे शब्द सांगताहेत, मी नाकारायचे सांगते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आमच्यासाठी पहिलं इंग्रजी वाक्य हे होतं: ही इज अ‍ॅलर्जिक टू पीनट्स. आणि दुसरं, डझ धिस हॅव पीनट्स इन इट? ही दोन वाक्यं मी सासूबाईंकडूनही घोकून घेतली, त्यांना बाकी एक शब्द इंग्रजी येत नव्हतं तेव्हा. फक्त नट्स म्हणून थांबू नका. शेंगदाणा हा शेंगवर्गातला, बदाम-अक्रोडासारखा झाडावरचा नाही, म्हणून लेबलवर पीनट्स आणि ट्री नट्स वेगवेगळे लिहितात. पीनटला अमेरिकेत ग्राउंडनट म्हटलं तर सगळ्यांना कळेलच असं नाही.
कुणाला पहिली यादी हवी असेल तर अ‍ॅलर्जीची यादीच घ्या. अमेरिकेत लेबलवर नऊ प्रमुख गोष्टी सांगाव्या लागतात: मिल्क, एग्ज, फिश, शेलफिश, ट्री नट्स, पीनट्स, व्हीट, सोयबीन्स आणि सेसमी, म्हणजे तीळ. सेसमी १ जानेवारी २०२३ पासून आलं. युरोपात अशा चौदा गोष्टी आहेत, त्यात सेलरी आणि मस्टर्डही येतात. घरात कुणाला अ‍ॅलर्जी नसली तरी हे शब्द पाकिटावर सारखे दिसतात. कंटेन्स म्हणजे यात आहे, मे कंटेन म्हणजे अंश असू शकतो. कळकळीने सांगते, फळांची नावं राहिली तर राहू देत, हे राहू देऊ नका.

केतकी_
आईची_लेक, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार. आजच वहीत पहिल्या पानावर घेतलं.

रानवारा
लेबलचं निघालंच आहे तर यूज बाय आणि बेस्ट बिफोर यांतला फरकही घ्या. ब्रिटनमध्ये यूज बाय ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की खाऊ नये. बेस्ट बिफोर ही दर्जाची, त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होईल पण पदार्थ लगेच वाईट झाला असं नाही. आणि कीप रेफ्रिजरेटेड. वाचता येत असेल तर स्वयंपाकघरातली पाकिटं हेच पुस्तक, रोज एक पाकीट उलटून मागची बाजू वाचायची.

मुक्काम_पोस्ट
उच्चारांचं कोणी बोललं नाही अजून. डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड, जोर शेवटाला. डेझर्ट म्हणजे वाळवंट, जोर सुरुवातीला. रेसिपी म्हणजे कृती, रिसीट म्हणजे पावती आणि तिच्यात पी लिहायचा पण म्हणायचा नाही. सॅमनमध्ये एल गप्प, नाइफमध्ये के गप्प. सूप आणि सोप नीट वेगळे म्हणायला लावा. व्हेजिटेबल असं चार तुकड्यांत न म्हणता व्हेजटबल.

टिंबटिंब
हॉट म्हणजे गरम का तिखट? बाबा कायम विचारतात.

अबोली
दोन्ही. म्हणून नवशिक्याने तिखटाला स्पायसी म्हणावं आणि हॉट गरमासाठी ठेवावं. "टू स्पायसी फॉर मी" हे वाक्य शिकवून ठेवा, फार कामाला येतं. आणि स्वयंपाक करणारा माणूस कुक, कुकर हे उपकरण. शी इज अ गुड कुकर असं कौतुक नको.

केतकी_
आता मूळ प्रश्नाकडे येते. इथलं वाचून आम्ही दोघी बसलो आणि मी हॅव, फॉर, आणि अबोलीताईंचा ब्रेडचा प्रसंग घेतला. जाऊबाईंनी स्वतःहून विचारलं, मागताना गिव्ह मी म्हटलं तर उद्धट वाटतं का? मराठीत "दे गं" म्हटलं तरी सुरात सगळं येतं. काय सांगू?

जुनापाटा
घरात, जवळच्या माणसाला, सुरात गोडवा असेल तर चालून जातं. बाहेर नको. मराठीत आदर क्रियापदात बसतो, दे, द्या, द्याल का. इंग्रजीत यू एकच, म्हणून आदर वाक्याच्या सुरुवातीला जातो. कॅन आय हॅव सम राइस, प्लीज? कुड यू पास द सॉल्ट? आयड लाइक अ ग्लास ऑफ वॉटर. नाकारताना नुसतं नो तुटक वाटतं, नो, थँक्स, आयम फुल. अजून हवं असेल तर जस्ट अ लिटल मोर. या पाच वाक्यांत नाम बदलत राहायचं, तिथे तुमचा तक्ता कामाला लावा. बोट राइसवर, वाक्य त्यांचं. बोट सूपवर, वाक्य त्यांचं. रानवारांची नामं आणि माझी क्रियापदं एकाच तोंडात.

रानवारा
हे मान्य :) फक्त ड्रॅगनफ्रूटवर बोट ठेवू नका.

टिंबटिंब
स्वयंपाकाच्या क्रियापदांचा वेगळा धागा काढा ना कोणीतरी. बेक आणि रोस्ट दोन्ही ओव्हनमध्येच होतं, मग फरक काय?

अबोली
ब्रेड, केक असं पीठ भिजवून केलेलं ते बेक. मांस किंवा भाज्या तेल-तूप लावून भाजल्या की रोस्ट. बटाट्याला दोन्ही लागतं, सालासकट अख्खा ठेवला तर बेक्ड पोटॅटो, सोलून, तुकडे करून, तेलात घोळवून ठेवला तर रोस्ट पोटॅटोज. ग्रिलमध्ये पुन्हा ब्रिटिश-अमेरिकन भांडण आहे. ब्रिटिश ग्रिलची आच वरून, अमेरिकन ग्रिलची खालून, आणि वरच्या आचेला अमेरिकेत ब्रॉइल म्हणतात. बॉइल, फ्राय, स्टीम सोपे आहेत. नवा धागा मी काढते, पण उद्या.